वीस यार्डांच्या आत: साध्या धनुष्याची शिकार, तिची नीती आणि सोबत

अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास हरणाच्या शिकारीसाठी धनुष्यबाणाचा वेगळा हंगाम उघडतो आणि बंदुकीचा मुख्य हंगाम सहसा त्यानंतर येतो. धनुष्याच्या हंगामात परवाना काढून जंगलात जाणाऱ्या लाखो शिकाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हाती आधुनिक कंपाउंड धनुष्य किंवा क्रॉसबो (बंदुकीसारखा धरून घोडा ओढून सोडायचे आडवे धनुष्य) असतो. त्यांच्यात एक लहानसा वर्ग मात्र असा आहे, की जो जाणूनबुजून साधा लाँगबो (लांब, सरळ दांड्याचे धनुष्य) किंवा रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले) धनुष्य घेतो, त्यावर नेम धरण्याचे कोणतेही उपकरण लावत नाही आणि सावज साधारण २० यार्डांच्या, म्हणजे सुमारे १८ मीटरच्या आत आल्याशिवाय बाण सोडत नाही. सोपे हत्यार बाजारात मिळत असताना ही माणसे अवघड हत्यार का घेतात आणि त्या अवघडपणातून कोणती शिस्त उभी राहते, हे या लेखात समजून घ्यायचे आहे.

दोन धनुष्यांतला फरक आधी पाहू. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघे वैयक्तिक विश्वविजेते झाले, ते कंपाउंड प्रकारात. त्यांच्या हातातले धनुष्य अनेकांनी दूरदर्शनवर पाहिले असेल. त्याच्या दोन्ही टोकांना चाके असतात आणि दोरी पूर्ण मागे आली, की त्या चाकांच्या रचनेमुळे हातावरचा भार एकदम उतरतो. ६० पौंडांचे धनुष्य असले तरी धरून ठेवताना १२-१५ पौंडच जाणवतात. त्यामुळे नेम धरून थांबता येते. होलिस विल्बर ॲलन या मिसुरीच्या माणसाला या रचनेचे पेटंट १९६९ मध्ये मिळाले आणि पुढच्या काही वर्षांत शिकारीचे रूपच पालटले. साध्या धनुष्यात उलट घडते. दोरी जितकी मागे ओढावी तितका भार वाढत जातो आणि तो सर्वांत जास्त असतो तेव्हाच, तीन बोटांवर तो सगळा पेलत, नेम धरायचा असतो. ५० पौंडांचे, म्हणजे सुमारे २३ किलोंचे धनुष्य पूर्ण ताणून काही सेकंदांपेक्षा जास्त वेळ स्थिर धरणे कसलेल्या माणसालाही जड जाते. हत्याराची ही मर्यादा हेच पारंपरिक धनुर्शिकारीच्या साऱ्या नीतीचे मूळ आहे, असे माझे मत आहे. कौशल्य, संयम आणि सोबत्यांचा धाक या तिन्ही गोष्टी तिथूनच निघतात.

इशी आणि डॉक्टर पोप

या परंपरेचा आधुनिक इतिहास एका फार दुःखद घटनेपाशी सुरू होतो. कॅलिफोर्नियातील 'याही' नावाच्या आदिवासी लोकांची, सोन्याच्या शोधात आलेल्या लोंढ्यामागून तिथे वस्ती करणाऱ्या गोऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कत्तल केली. जी मूठभर माणसे वाचली ती डोंगरदऱ्यांत अनेक दशके लपून राहिली आणि २९ ऑगस्ट १९११ रोजी त्यांच्यातला शेवटचा माणूस, उपासमारीने खंगलेला, ओरोव्हिल गावाजवळ लोकांच्या दृष्टीस पडला. सॅन फ्रान्सिस्कोतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात त्याला आणण्यात आले आणि पुढे तो इशी या नावाने ओळखला गेला. संग्रहालयाशेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयात सॅक्स्टन पोप नावाचे शल्यचिकित्सक होते. ते आधी इशीचे डॉक्टर झाले, मग मित्र आणि मग शिष्य.

इशीने पोपना धनुष्य घडवण्यापासून शिकवले. डोंगरी ज्युनिपरचे लाकूड तासून, त्याच्या पाठीवर हरणाच्या स्नायूंचे तंतू चिकटवून तो आखूड धनुष्य करी. बाणांची पाती ज्वालामुखीच्या काचेची, आणि संग्रहालयात आल्यावर साध्या बाटलीच्या काचेचीही, टोकदार हाडाने कड दाबून दाबून घडवी. तो दोरी अंगठ्याने ओढत असे. लांबच्या गोल लक्ष्यावर त्याचा नेम फारसा उल्लेखनीय नव्हता, पण झुडपांतून दबकत जाऊन, खाली बसून, थोड्या अंतरावरच्या लहान जनावरावर बाण मारण्यात त्याची बरोबरी पोपना करता आली नाही. हरणाच्या शिकारीला निघण्याच्या आदल्या दिवशी तो मासे खात नसे आणि धूम्रपान करत नसे. पहाटे ओढ्यात आंघोळ करून सुगंधी पाला अंगाला चोळी आणि उपाशीपोटी निघे. पोप यांनी हे सारे टिपून ठेवले. त्यात श्रद्धा किती आणि हरणाच्या नाकाची जाण किती, हे वेगळे काढण्याची गरज मला वाटत नाही. इशीच्या दृष्टीने शिकार आदल्या दिवशीच सुरू झालेली असे. दोन बोटे ओठांवर ठेवून तो सापडलेल्या सशासारखा आवाज काढी आणि तो ऐकून जनावरे आपणहून जवळ येत. मे १९१४ मध्ये पोप, त्यांचा मुलगा आणि दोन मानववंशशास्त्रज्ञ यांच्यासह इशी आपल्या जुन्या मुलखात, डिअर क्रीकच्या खोऱ्यात, काही आठवडे राहून आला.

२५ मार्च १९१६ रोजी क्षयाने तो वारला. मृत्यूनंतर त्याचे शवविच्छेदन झाले, मेंदू काढून स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवला गेला आणि तो त्याच्या नात्यातील आदिवासी समूहांच्या हाती पडायला २००० साल उजाडले. धनुर्शिकारीचा इतिहास अभिमानाने सांगणाऱ्यांनी ही गोष्टही सांगितली पाहिजे.

पोप, त्यांचा साथीदार आर्थर यंग आणि या दोघांना इंग्लिश पद्धतीच्या धनुष्याची ओळख करून देणारे विल कॉम्प्टन यांनी पुढे ही विद्या वाढवली. यातले सगळेच अनुकरणीय नव्हते. १९२० मध्ये पोप आणि यंग यांनी कॅलिफोर्निया ॲकॅडमी ऑफ सायन्सेसच्या संग्रहालयासाठी नमुने हवेत म्हणून यलोस्टोनमध्ये परवानगीने ग्रिझली अस्वले मारली, आणि त्या काळी ही मंडळी आजच्या शिकाऱ्याला बेफिकीर वाटेल इतक्या लांबूनही बाण सोडत. इशीकडून त्यांनी कौशल्य लवकर उचलले. जवळ जाऊनच मारायचे, हा त्याचा संयम अंगी बाणायला पुढच्या दोन-तीन पिढ्या लागल्या. १९३४ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने हरणांसाठी धनुष्याचा स्वतंत्र हंगाम सुरू केला आणि हळूहळू इतर राज्यांनी तो कित्ता गिरवला. १९६१ मध्ये या दोघांच्या नावाने धनुर्शिकाऱ्यांचा 'पोप अँड यंग क्लब' स्थापन झाला, तर कंपाउंडचा बोलबाला झाल्यावर साध्या धनुष्यालाच धरून राहिलेल्यांनी कॉम्प्टन यांच्या नावाने आपली वेगळी संघटना बांधली.

बाणाने मृत्यू कसा येतो

हा भाग वाचायला सुखद नाही, पण तो समजल्याशिवाय नीतीचे नियम कशासाठी आहेत हे कळणार नाही. बंदुकीची गोळी आपल्या वेगाच्या धक्क्याने ऊती फाडते आणि हाड मोडते. बाणाचा वेग त्या मानाने फारच कमी असतो, त्यामुळे तो धक्क्याने मारू शकत नाही. तो कापतो. पात्याने मोठ्या रक्तवाहिन्या आणि दोन्ही फुप्फुसे कापली गेली, तर मेंदूचा रक्तपुरवठा इतक्या झपाट्याने घटतो, की हरीण काही सेकंदांत, साधारण शंभर यार्डांच्या आत कोसळते. पुष्कळदा ते थोडे धावून थांबते, आपल्याला काय झाले हे न कळल्यासारखे मागे पाहते आणि तिथेच बसते. हेच पाते पोटात किंवा मांडीत शिरले, तर तेच हरीण कित्येक तास तडफडते आणि बहुधा सापडतही नाही. या दोन शक्यतांमध्ये काही इंचांचेच अंतर असते.

म्हणून पात्याच्या धारेबाबत ही माणसे कमालीची काटेकोर असतात. बोथट कड रक्तवाहिनी ढकलते, तिच्या कडा फाटतात आणि फाटलेल्या जागी रक्त लवकर गोठते. वस्तऱ्यासारख्या कडेने कापलेली जागा वाहत राहते आणि जनावराला वेदनाही कमी जाणवत असावी. धार लावणारा अनुभवी शिकारी आधी कानशीने दोन्ही बाजूंचा कोन सारखा करतो, मग बारीक दगडावर पाते एकाच दिशेने, दाब हळूहळू कमी करत फिरवतो, आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर ओढून कडेवरची न दिसणारी बुरी, म्हणजे वळलेली बारीक धातूची कड, काढतो. त्यानंतर तो ते मनगटाच्या वरच्या केसांवर टेकवतो. केस न ओढता सहज उतरले तर पाते भात्यात जाते, नाहीतर पुन्हा दगडावर येते. भात्यात पाने, धूळ आणि ओल लागून धार मरते, त्यामुळे हंगाम चालू असेपर्यंत दर एक-दोन दिवसांनी हे काम पुन्हा करावे लागते. ओल्या सकाळी लाकडाच्या ओंडक्यावर बसून हे काम निमूटपणे करणाऱ्या माणसाकडे पाहिले, की त्याला जनावराबद्दल काय वाटते हे वेगळे विचारावे लागत नाही.

बाण कोठून मारायचा, हेही शरीररचनेवरून ठरते. हरीण पूर्ण आडवे उभे असेल किंवा शिकाऱ्यापासून किंचित पाठमोरे वळलेले असेल, तरच बाणाला बरगड्यांमधून दोन्ही फुप्फुसांपर्यंत मोकळी वाट मिळते. समोरून येणाऱ्या हरणाच्या छातीवर आणि खांद्यावर जाड हाडे असतात आणि साध्या धनुष्याचा बाण तिथे अडू शकतो. त्यामुळे दहा पावलांवर, मान खाली घालून, आपल्याच दिशेने येणारे भले मोठे हरीण दिसले तरी नियम एकच: ते वळेपर्यंत थांबायचे, आणि नाही वळले तर जाऊ द्यायचे.

अंतर आणि आवाज

नवख्या माणसाला वाटते, की लांबून मारता येणे म्हणजे जास्त कौशल्य. साध्या धनुष्याच्या शिकारीत हा समज घातक ठरतो आणि त्याचे कारण साध्या गणितात आहे. लाँगबोचा बाण साधारण सेकंदाला १७० फूट जातो. आवाज सेकंदाला सुमारे ११०० फूट जातो. २० यार्डांवरच्या, म्हणजे ६० फुटांवरच्या हरणाकडे दोरी सुटल्याचा आवाज सेकंदाच्या विसाव्या भागात पोहोचतो आणि बाण पोहोचायला सेकंदाचा एक तृतीयांश भाग लागतो. मधल्या सुमारे ०.३ सेकंदांत सावध हरीण पळण्यासाठी आधी खाली दबते, कारण उडी मारण्यापूर्वी पाय वाकवावे लागतात, आणि नीट नेम धरलेला बाण त्याच्या पाठीवरून निघून जातो किंवा त्याहून वाईट म्हणजे पाठीच्या वरच्या मांसात रुततो. ४० यार्डांवर हा मधला वेळ दुप्पट होतो. तेवढ्या वेळात हरीण केवळ दबत नाही, पूर्ण वळूनही जाते. म्हणजे शिकाऱ्याचा नेम अचूक असला तरी तो ज्या जागेवर धरला होता ती जागा बाण पोहोचेपर्यंत तिथे राहिलेली नसते.

यावर तंत्राचे उपायही आहेत. दोरीला लोकरीचे किंवा बीव्हरच्या केसांचे झुबके बांधून तिचा आवाज दाबतात. धनुष्याच्या दर पौंड ओढीमागे दहा ग्रेनच्या (सुमारे ०.६५ ग्रॅमच्या) आसपास वजनाचा जड बाण वापरतात, कारण जड बाण धनुष्याची जास्त ताकद स्वतःत घेतो, आवाज कमी होतो आणि पाते खोल जाते. तरीही खरा उपाय दोनच: जवळून मारायचे, आणि हरीण बेसावध असताना मारायचे. कान टवकारून, मान ताणून, पाय आपटत उभे असलेले हरीण दहा यार्डांवर असले तरी त्याच्यावर बाण सोडणे चूक मानले जाते.

प्रत्येकाने आपले अंतर स्वतः ठरवायचे असते आणि ते ठरवण्याची एक कडक कसोटी आहे. हरणाच्या छातीतला मर्मभाग साधारण ताटाएवढा, आठ इंच व्यासाचा धरतात. सकाळी उठल्यावर, हात गरम न करता, जाड कपडे घालून, एकच बाण मारायचा. तो त्या वर्तुळात पडलाच पाहिजे. दुसरा बाण मारून पहिला विसरायची मुभा नाही, कारण जंगलात दुसरा बाण मिळत नाही. असा दररोजचा पहिला बाण ज्या अंतरावर आठवडेच्या आठवडे चुकत नाही, ते त्या माणसाचे अंतर. कोणाचे ते २५ यार्ड येते, कोणाचे १२. ज्याचे १२ आहे त्याने १२ वरच थांबायचे आणि त्यात कमीपणा मानायचा नाही.

नेम धरण्याची पद्धत इथे वेगळीच असते. बहुतेक जण दोन्ही डोळे उघडे ठेवून फक्त एका बिंदूकडे पाहतात. संपूर्ण हरणाकडे पाहिले तर बाण हरणाच्या मधोमध, म्हणजे बहुधा पोटाच्या बाजूला जातो. म्हणून खांद्यामागे केसांची एखादी बट किंवा सावलीचा ठिपका निवडून नजर तिथेच खिळवायची. मधले बोट ओठांच्या कोपऱ्याला लागले, पाठीचे स्नायू आवळले गेले, की दोरी आपसूक सुटते. बाणाला जायची वाट मेंदू सरावाने शिकत असतो, त्यामुळे महिनाभराचा खंडही जाणवतो. धनुर्धाऱ्यांना एक विचित्र व्याधीही जडते: लक्ष्य दिसले, की दोरी पूर्ण मागे येण्याआधीच बोटे तिला सोडून देतात. याला ते टार्गेट पॅनिक म्हणतात. ज्याला ती जडली आहे त्याने ती बरी होईपर्यंत शिकारीला जाऊ नये, ही अपेक्षा असते आणि अनेक जण खरोखरच एखादा पूर्ण हंगाम घरी बसतात.

नेमबाजीपेक्षा मोठा भाग मात्र जवळ पोहोचण्याचा आहे. हरणाला फसवता येत नाही ते त्याच्या नाकामुळे. वारा कोणीकडून येतो, हे पाहूनच शिकारी बसायची जागा निवडतो, आणि डोंगराळ भागात वाऱ्याशिवाय आणखी एक गोष्ट ध्यानात धरतो: सकाळी ऊन तापले, की हवा उताराने वर चढते आणि संध्याकाळी गार होऊन खाली उतरते. सकाळी योग्य असलेली जागा म्हणूनच संध्याकाळी निरुपयोगी होते. आणि इतके करून हरीण आलेच, तर दोरी कधी ओढायची हा प्रश्न उरतो. हरणाचे डोके झाडाच्या बुंध्याआड गेल्यावर, किंवा त्याने चरायला मान खाली घातल्यावरच ती हालचाल करता येते. कंपाउंडवाला आधीच ताणून वाट पाहू शकतो. साध्या धनुष्यवाल्याला तो क्षण ओळखावा लागतो आणि तो क्षण न आल्यास तासन्तास बसून रिकाम्या हाती परतावे लागते. या शिकारीत रिकाम्या हाती परतणे हाच नेहमीचा अनुभव असतो.

बाण सुटल्यानंतर

इथे सोबतीला खरा अर्थ येतो. बाण लागल्यावर शिकारी लगेच हरणामागे धावत नाही. पाठलागाची चाहूल लागली तर जखमी जनावर उरलेल्या शक्तीने मैलभर जाऊ शकते; त्याला निवांत सोडले तर ते जवळच बसते. म्हणून आधी फक्त बाण शोधायचा आणि तो वाचायचा. त्यावर गुलाबी, फेसाळ रक्त असेल तर फुप्फुसे कापली गेली आहेत आणि अर्ध्या तासाने निघता येईल. काळसर लाल रक्त यकृताचे असते. तेव्हा तीन-चार तास थांबावे लागते. बाणाला हिरवट चिकट घाण आणि आंबूस वास असेल तर वार पोटात बसला आहे, आणि त्यावेळी आठ-दहा तास, बहुधा पूर्ण रात्र, थांबण्यावाचून गत्यंतर नसते. ज्याच्या हातून हे झाले त्याला ती रात्र काढणे फार कठीण जाते. तंबूत कोणी त्याला दोष देत नाही आणि कोणी 'होते असे कधी कधी' म्हणून त्याची सुटकाही करत नाही. पहाटे निघायचे ठरते आणि सगळे आपापले शिकारीचे बेत बाजूला ठेवून त्याच्याबरोबर जातात.

माग काढण्याचे काम तिघे-चौघे मिळून करतात. ज्याची नजर चांगली तो वाकून पुढे जातो. दुसरा शेवटच्या सापडलेल्या थेंबापाशी उभा राहतो आणि पुढचा थेंब सापडेपर्यंत पाऊलही हलवत नाही. तिसरा मागच्या खुणांवर कागदाचे तुकडे टाकत येतो, म्हणजे मागे वळून पाहिले, की हरणाने धरलेली दिशा एका रेषेत दिसते. पानाच्या वरच्या बाजूला रक्त नसेल तर पान उलटून पाहतात, कारण जनावर घासून गेल्यास रक्त गवताच्या दांड्यावर किंवा पानाच्या खालच्या बाजूस लागते. ओक आणि मेपलची पाने शरद ऋतूत मुळातच तांबूस डागांची असतात, त्यामुळे बोट ओले करून डाग पुसून पाहावा लागतो; बोटाला लागला तर रक्त, नाही लागला तर पान. हे काम गुडघ्यांवर, कधी कंदिलाच्या उजेडात, तासन्तास चालते. अनेक राज्यांत माग काढणारा कुत्रा दोरीला बांधून नेण्याची परवानगी आहे, आणि असे कुत्रे पाळणारी माणसे अपरात्री फोन आला तरी निघतात.

शोध संपला आणि हरीण सापडले नाही, तरी अनेक पारंपरिक शिकारी आपला हंगामाचा परवाना वापरला गेला असे स्वतःहून मानतात आणि त्या वर्षी पुन्हा हरणावर बाण सोडत नाहीत. कायदा त्यांना तसे करायला लावत नाही. परिसंस्थांचे अभ्यासक आल्डो लिओपोल्ड, जे विस्कॉन्सिनमध्ये शिकवत आणि स्वतः धनुष्ये घडवून शिकार करत, यांनी म्हटले होते, की शिकाऱ्याच्या वागण्यावर टाळ्या किंवा शिट्ट्या देणारे प्रेक्षक तिथे नसतात. तो एकटा असतो आणि त्याचा पंच त्याची सद्सद्विवेकबुद्धीच. मला यात एवढीच भर घालावीशी वाटते, की ती सद्सद्विवेकबुद्धी घडवण्याचे काम तंबूतले सोबती करतात. संध्याकाळी चुलीभोवती जी गोष्ट सर्वांत लक्षपूर्वक ऐकली जाते, ती मारलेल्या हरणाची असतेच असे नाही. पंधरा यार्डांवर उभ्या हरणावर अमक्याने का बाण सोडला नाही, वारा कसा वळला, मध्ये कोणती फांदी होती, हे तपशिलाने सांगितले जाते आणि त्यावर चर्चा होते. नवा माणूस काय करावे हे त्यातून शिकतोच, पण कशाची वाहवा होते हेही शिकतो.

धनुष्य घडवण्याचे कामही असेच एकत्र चालते. ओसेज ऑरेंज हे अमेरिकेच्या मध्य भागातील राज्यांत कुंपणासाठी लावलेले पिवळ्या गाभ्याचे चिवट लाकूड या कामी फार नावाजलेले आहे. त्याची पाठ म्हणून वाढीचे एकच वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड राखायचे आणि आतली बाजू तासत दोन्ही बाहू सारखे वाकवायचे. कोठे एक पापुद्रा जास्त निघाला तर तिथेच धनुष्य मोडते. तासणाऱ्याला स्वतःच्या हातातला वाक दिसत नाही, त्यामुळे दोन पावले दूर उभा राहून 'डावा बाहू अजून ताठ आहे' असे सांगणारा दुसरा माणूस लागतोच.

आक्षेप आणि कायदा

या शिकारीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप जखमी होऊन निसटणाऱ्या जनावरांचा आहे, आणि तो खरा आहे. ब्रिटन आणि जर्मनीत धनुष्याने शिकार करायला कायद्याने बंदी आहे, ती याच कारणाने. पारंपरिक शिकारी यावर अंतराची मर्यादा आणि संयम हे उत्तर देतात. ते उत्तर प्रामाणिक आहे, पण ते प्रत्येक हाताच्या प्रामाणिकपणावर अवलंबून आहे, आणि ज्याने पुरेसा सराव केला नाही त्याच्या हातचे साधे धनुष्य बंदुकीपेक्षा क्रूर ठरते, हे मान्य केलेच पाहिजे. परंपरेचे नाव घेतल्याने बोथट पाते धारदार होत नाही.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. बाजारात विकण्यासाठी केलेल्या बेसुमार शिकारीमुळे एकोणिसावे शतक संपताना अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीची हरणे सुमारे पाच लाखांवर आली होती. आज ती अंदाजे तीन कोटी आहेत. वन्य हरणाचे मांस विकण्यावर बंदी आली, हंगाम आणि संख्या ठरली, आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीव रक्षणासाठी बांधून ठेवला. १९७२ च्या कायद्याने धनुष्यबाणांवरही ११ टक्के कर लावण्याचे ठरले. मांस विकता येत नसल्यामुळे ते घरात खाल्ले जाते, वाटले जाते किंवा अन्नछत्रांना दिले जाते, आणि खाण्याजोगे मांस जंगलात टाकून येणे अनेक राज्यांत गुन्हा आहे. त्याखेरीज शिकारी संघटनांचे आपले संकेत आहेत: कुंपणात कोंडलेले जनावर मारायचे नाही, वाहनाने पिटाळायचे नाही, विजेरीने दिपवायचे नाही, पाण्यात पोहणाऱ्यावर बाण सोडायचा नाही.

भारतात परिस्थिती सर्वस्वी वेगळी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच संपवले, त्यामुळे आपल्याकडे धनुष्याने केलेली वन्यप्राण्याची शिकार हा सरळ गुन्हा आहे. आपल्या जंगलांची आणि त्यांतल्या जनावरांची आजची संख्या पाहता तो तसाच राहावा, असे मला ठामपणे वाटते. नंदुरबारच्या भिल्लांकडे किंवा भामरागडच्या माडियांकडे धनुष्याचे जे ज्ञान आहे, ते लाकूड, दोरी, पाते आणि माग यांच्या कौशल्याच्या रूपाने नोंदवले जावे आणि त्याच समाजांतील तरुणांच्या हाती खेळ म्हणून राहावे, ही अपेक्षा मात्र रास्त आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या ज्या मराठी वाचकांना या विद्येची ओळख करून घ्यायची असेल, त्यांनी शिकारीपासून सुरुवात करू नये. जवळच्या पारंपरिक धनुर्विद्या मंडळात जाऊन २५-३० पौंडांचे हलके धनुष्य मागून घ्यावे आणि पहिले काही महिने फक्त दहा यार्डांवर सराव करावा. जड धनुष्यापासून सुरुवात करणाऱ्याचे खांदे आणि सवयी दोन्ही बिघडतात. अशी मंडळे उन्हाळ्यात जंगलाच्या पायवाटांवर फोमची हरणे आणि अस्वले अज्ञात अंतरांवर उभी करून सराव घेतात. कॉम्प्टन संघटनेचा मिशिगनमधील बेरियन स्प्रिंग्जचा जूनमधला मेळावा असाच आहे. तिथे धनुष्य घडवणारे कारागीर भेटतात आणि त्यांना काहीही विचारले तरी ते हातातले काम थांबवून दाखवतात. शिकारीचा परवाना हवा असल्यास बहुतेक नवख्यांना राज्याचा सुरक्षा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, काही राज्यांत धनुष्यासाठी वेगळाही असतो, आणि पहिला हंगाम कोणा अनुभवी माणसाबरोबर, केवळ माग काढण्याच्या कामाला जाऊन घालवणे सर्वांत चांगले. सरावाच्या वाटेवर फांदीआड अर्धे लपलेले एखादे फोमचे हरीण लागते, तेव्हा जुनी माणसे 'हा बाण मी सोडणार नाही' असे सांगून त्या ठिकाणचे गुण सोडून पुढे निघतात, आणि गुणपत्रिका धरणारा तिथे शून्य लिहितो.